आयुष्यात फक्त साठ महिने

अमेरिकेत गरीब घराला सरकारकडून दर महिन्याला रोख पैसे मिळतात एवढं ऐकून होतो. पण ते साठच महिने, हे भाचीनं सांगितलं तेव्हा मी विचारलं, एका दमात साठ का गं? मग थोडे दिवस थांबून परत अर्ज? तर म्हणाली, "नाही मामा, एकूण साठ. जन्माचे. संपले की संपले."

भाची म्हणजे आमच्या ताईची थोरली. इथं कोल्हापुरात सायबर कॉलेजला एमएसडब्ल्यू केलं, लग्न होऊन टेक्सासला गेली आणि तिथं एका संस्थेत लागली, ती संस्था गरजू लोकांना धान्यबिन्य देते आणि सरकारी फॉर्म भरून देते. म्हणजे मी इथं झेरॉक्सच्या दुकानात जे करतो तेच की, फक्त तिला पगार आहे, एसी आहे आणि तिच्याकडं कुणी उधारी ठेवत नाही. रविवारी आमचं फोनवर बोलणं होतं आणि दोघांचा धंदा एकच असल्यामुळं (धंदा म्हटलं की ती चिडते) घरच्यांचं विचारून झालं की गाडी फॉर्मवरच येते, कुठला नवीन कागद मागायला लागलेत, साईट कधी बंद पडते, कोण रडत आलं. त्यातनं जे कळलं आणि मग मी रात्री मोबाईलवर जे वाचत बसलो ते लिहितोय. कारण आपल्याकडं लाडकी बहीण आल्यापासनं कुठल्याही कट्ट्यावर जावा, विषय एकच, हे फुकटचे पैसे किती दिवस द्यायचे. आणि एका देशानं "किती दिवस" याचं उत्तर सरळ आकड्यात लिहून कायदा करून टाकलाय, तर तिथं काय झालं हे बघायला काय हरकत आहे.

त्या योजनेला तिकडं टॅन्फ म्हणतात. २२ ऑगस्ट १९९६ ला बिल क्लिंटननी त्या कायद्यावर सही केली. त्याच्या आधी १९३५ पासून एएफडीसी नावाची योजना होती, घरात लहान पोरं आहेत, कमाई नाही, अटीत बसताय, तर मदत मिळायची, किती वर्षं असा प्रश्न नव्हता. मग लोकांच्यात कुरकुर सुरू झाली की बायका काम करत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या सरकारच्या जिवावर बसून खातात वगैरे, आणि १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन एका बाईची गोष्ट सांगत फिरले जी म्हणे खोट्या नावांनी मदत लाटते. ती बाई खरंच फसवणूक करणारी होती म्हणतात पण एका चोराच्या गोष्टीवर लाखो घरांची ओळख ठरली ती ठरलीच. क्लिंटन तर दुसऱ्या पक्षाचे, तरी १९९२ ला त्यांनीही हाच सूर धरला की ही मदत आज आहे तशी राहणार नाही, संपवणार.

नियम कसा आहे बघा. केंद्राच्या पैशातनं ज्या महिन्यात घरातल्या मोठ्या माणसाला मदत मिळाली तो महिना मोजायचा. सलग असायची गरज नाही, २०१० मध्ये चार महिने घेतले आणि २०१८ मध्ये सात घेतले तर अकरा झाले. राज्य बदललं तरी मागचे महिने बरोबर येतात. आणि मला जे सगळ्यात खटकलं ते हे, की पूर्ण रक्कम मिळू दे नाहीतर थोडंफार काम लागल्यामुळं कापून कापून अगदी किरकोळ रक्कम हातात येऊ दे, महिना तो महिनाच, एक पूर्ण गेला. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटर पडत राहतो तसं. काही राज्यांनी म्हणूनच काम करणाऱ्या बायकांना आपल्या तिजोरीतनं वेगळे पैसे दिले, म्हणजे केंद्राचं मोजणं थांबतं. म्हणजे शहाणपण होतं कुठंतरी.

फक्त पोरांच्या नावावर मदत असेल, म्हणजे पोरं आजीकडं राहतात आणि आजी स्वतःसाठी काय घेत नाही, तर ते महिने मोजत नाहीत. शिवाय राज्याला आपल्याकडच्या २० टक्के घरांपर्यंत साठच्या पुढं मुदत वाढवता येते, अगदीच हलाखी असेल किंवा बाई मारझोडीच्या घरातनं बाहेर पडलेली असेल तर. रेशनसारखी जी स्नॅप योजना आहे आणि दवाखान्याची मेडिकेड आहे ती वेगळी, त्याला हा साठ महिन्यांचा हिशोब लागत नाही. हे सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं साठ संपले की लोक डायरेक्ट उपाशी. तसं नाही. पण घरभाडं, लाईट बिल, पोरांचे बूट, बसचं तिकीट, साबण, डायपर, हे स्नॅपच्या कार्डावर येत नाही. त्याला नोटाच लागतात.

आणि साठ ही वरची हद्द, राज्यांना त्याच्या खाली यायची मुभा आहे. अ‍ॅरिझोनानं २०१६ पासनं बारा महिन्यांवर आणलं (नंतर अटी पाळणाऱ्यांना थोडं वाढवून दिलं). टेक्सासमध्ये तर शिक्षण आणि कामाचा अनुभव बघून बारा, चोवीस किंवा छत्तीस महिने, जी जास्त शिकलेली तिला कमी महिने, आणि ते संपले की पाच वर्षं आईच्या नावावर दार बंद. कॅलिफोर्नियात मात्र साठ संपले की आईचा हिस्सा कापतात, पोरांचा चालू ठेवतात. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेतच गरजूंना आधार देणं हे राज्याचं काम आहे असं लिहिलंय, त्यामुळं तिथं साठ महिने झालेल्या घराला राज्याच्या दुसऱ्या योजनेत घेतात. देश एक, बाई तीच, पोरं तीच, आणि नुसतं कुठल्या गावात भाड्याचं घर मिळालं यावर ठरतं की वर्षानं काय होणार.

आता भाचीकडं आलेल्या एका बाईचं सांगतो. दोन पोरं, नवरा नाही, हॉटेलच्या खोल्या आवरायचं काम करायची. सीझन संपला, कामावरनं काढलं. संस्थेत धान्य न्यायला आली तेव्हा भाची म्हणाली चला रोख मदतीचा पण फॉर्म भरू, तुम्ही बसताय त्यात. तर बाई नको म्हणाली. तिनं पर्समधनं एक छोटं पॉकेट कॅलेंडर काढलं, आणि आतल्या पुठ्ठ्यावर पेनानं उभ्या रेघा मारलेल्या, चार रेघा आणि पाचवी आडवी, आपल्याकडं दूधवाला मारतो तशा. वापरलेले महिने. म्हणाली आत्ता कसंतरी निघेल, बहिणीकडनं थोडे उसने घेते, हे महिने मला पुढं लागले तर? पोरगी अजून तीन वर्षांची आहे, अजून काय काय व्हायचंय कुणास ठाऊक.

भाचीला काय बोलावं सुचेना. मला पण. कारण हिशोब तिचा बरोबर आहे. शिकागोचे जेफ्री ग्रॉगर म्हणून अर्थशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नेमकं हेच दाखवलं की मुदतीचा कायदा आल्यावर ज्या घरातलं धाकटं मूल लहान आहे तिथल्या आयांनी मदत जास्त सोडली, आणि ज्यांचं पोर अठराच्या जवळ आलंय त्यांना फारसा फरक पडला नाही. साधं आहे की. पोर अठराचं झालं की ही मदत तशीही बंद, म्हणजे पोर पंधराचं असेल तर छत्तीस महिन्यांतच संपणार, साठचा धाक कुणाला. पण पोर चारचं असेल तर अठरा व्हायला चौदा वर्षं, म्हणजे १६८ महिने काढायचेत आणि खिशात साठ. मग बाई बेरीज वजाबाकी करत बसणार आणि आजच्या अडचणीला पैसे न घेता उद्याच्या अजून मोठ्या अडचणीची वाट बघणार. सरकारच्या कागदावर मात्र ती "मदतीतनं बाहेर पडली" अशी नोंद, म्हणजे कायदा यशस्वी!

हे सगळं मी आमच्या मेहुण्याला सांगत होतो. पाव्हणं बँकेत आहेत आणि शिरोळकडं थोडा ऊस आहे. ते म्हणाले, "दाजी, कायदा करेक्ट आहे. इकडं पण पाहिजे. त्या पंधराशेच्या नादानं भांगलायला बाई मिळंना झाल्यात." ही भांगलणीची तक्रार तुम्ही पण ऐकली असणार, हल्ली जिल्ह्यात कुठल्याही बांधावर उभं राहिलं की पाच मिनिटांत येते. मी विचारलं, हजेरी किती देता? ते म्हणाले चारशे, आणि चहा. म्हटलं पंधराशे म्हणजे तुमच्याच भावानं चार दिवसांची हजेरी पण नाही की ओ, महिन्यात चार दिवस बाई घरी बसली म्हणून तुमचं रान तणात गेलं? बाई येत नाही कारण ती कुठंतरी पाचशे घेतीय, नाहीतर गुडघे गेलेत, नाहीतर एमआयडीसीच्या गाडीत बसून गेली. पाव्हण्यांना पटलं नाही. पटायची अपेक्षा पण नव्हती.

पण त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट मी खरी धरतो. जुन्या अमेरिकन योजनेत खोट होती. १९८१ नंतरचा नियम असा की बाईनं काम धरलं तर पहिले चार महिने थोडी सूट, आणि नंतर ती जेवढं कमवेल जवळपास तेवढे मदतीतनं वजा. शंभर डॉलर कमवा, शंभर कापा. वर पोरांना सांभाळायला माणूस ठेवायचा खर्च आणि येण्याजाण्याचं भाडं. मग काम कुठल्या शहाण्या माणसानं करायचं? बाई आळशी नव्हती, हिशोबी होती. ही खोट काढायला पाहिजेच होती आणि बऱ्याच राज्यांनी १९९६ नंतर काढली पण, कमावलेल्यातलं थोडं जास्त हातात राहू दिलं. त्याला माझं काहीच म्हणणं नाही. पण ती खोट काढायला जन्माचे महिने मोजायची गरज नव्हती.

आणि इथं एक गंमत आहे जी मला वाचेपर्यंत माहीत नव्हती. मुदत घालायची कल्पना ज्यांनी गाजवली त्यात हार्वर्डचे डेव्हिड एलवूड होते, क्लिंटनच्या सरकारात त्यांनी त्यावर काम केलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की मदत काही वर्षं द्या, त्या काळात शिकवा, पोरं सांभाळायची सोय करा, आणि मुदत संपल्यावर बाजारात काम मिळालं नाही तर सरकारनं काम द्या. मुदत संपली की पैसे बंद, पण काम चालू. कायदा होईस्तोवर काय झालं, तर मुदत राहिली आणि कामाची हमी गळाली. काम देणं महाग पडतं ना, मुदत घालायला काय, एक वाक्य लागतं. एलवूड त्याआधीच सरकारातनं बाहेर पडले होते, आणि सही झाल्यावर पीटर एडेलमन म्हणून त्याच खात्यातल्या मोठ्या अधिकाऱ्यानं राजीनामाच दिला.

आता ती गळालेली अर्धी गोष्ट आमच्या शेजारी तासगावात होती हे मी पाव्हण्यांना सांगितलं तर ते हसायला लागले. पण खरं आहे. वि. स. पागे, सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती होते, त्यांच्या कल्पनेतनं १९६५ ला तासगाव भागात प्रयोग झाला की गावात ज्याला अंगमेहनतीचं काम पाहिजे त्याला सरकारनं काम द्यायचं. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर पोचली, १९७७ ला विधिमंडळानं कायदा केला. मागेल त्याला काम. आयुष्यातले अमुक दिवस असलं काही नाही. पुढं २००५ ला केंद्राचा कायदा आला त्यात घराला वर्षाला १०० दिवस होते, पण ते दर वर्षी नव्यानं सुरू, मागच्या वर्षीचे वजा नाही. आणि हमीला पैसे कुठनं आणायचे तर १९७५ ला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मी म्हटलं, पाव्हणं, तुमच्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ना, ते काय आहे माहीत आहे का? ते म्हणाले पीटी. म्हटलं हां, तेच. तुम्ही कायम शिव्या घालता तो. भांगलणीच्या बायकांना कामाची हमी द्यायला तो सुरू झाला.

रोजगार हमीत घोळ झाले नाहीत असं कुणी म्हणणार नाही, खोट्या हजेऱ्या, कागदावरचे रस्ते, मजुरी महिना महिना न मिळणं, सगळं झालं. पण कल्पना म्हणून बघितलं तर हार्वर्डचा माणूस जे मागत होता ते आमच्याकडं आधीच कायद्यात लिहिलेलं होतं आणि मिरज–तासगाव रस्त्यावरचा माणूस खडी फोडून ते घेत होता. (शाहू महाराजांचं नाव घेऊन इथं अजून एक पॅरा ठोकायची आयती सोय आहे पण ते काम आमच्याकडं सगळेच पक्ष करतात, मी टाळतो.)

बरं, अमेरिकेत पुढं काय झालं. १९९६ ला साधारण ४४ लाख घरांना मदत होती, पाच वर्षांत ती निम्म्यापेक्षा खाली आली आणि सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. त्या काळात नोकऱ्या भरपूर होत्या, कमी पगारवाल्यांना करात मोठी सूट दिली होती, त्यामुळं पुष्कळ बायका खरंच कामाला लागल्या, हे पण तितकंच खरं. पण साठ महिन्यांचा हिशोब बघा. १९९६ च्या शेवटाला मोजायला लागले तर पहिल्या घरांचे साठ २००१ च्या शेवटाला संपणार, आणि नेमकी त्याच वर्षी मंदी आली. कामं गेली तेव्हाच महिने पण गेले. महिने मोजणाऱ्याला बाजाराचं काय पडलेलं नसतं.

नुसत्या साठच्या फटक्यानं बंद झालेली घरं तशी कमीच आहेत हे पण सांगतो. जास्त घरं त्याच्या आधीच गळतात, अमुक तास काम दाखवलं नाही, तमुक मीटिंगला आली नाही, कागद वेळेत पोचला नाही, म्हणून. आणि अर्ज करायलाच येत नाहीत ते वेगळे. १९९६ ला गरिबीतल्या, पोरंबाळं असलेल्या शंभर घरांपैकी ६८ घरांना ही मदत पोचत होती, २०२० च्या आसपास शंभरात २१. केंद्र राज्यांना मिळून वर्षाला १६.५ अब्ज डॉलर देतं, हा आकडा १९९६ ला ठरला तो तसाच आहे, एक पैसा वाढ नाही, महागाईनं त्याची किंमत निम्म्यावर आली. आणि त्यातला साधारण चौथा हिस्साच रोख मदतीत जातो, बाकी राज्य आपल्या मर्जीनं इकडं तिकडं लावतं. मिसिसिपीत तिघांच्या घराला जास्तीत जास्त महिना २६० डॉलर. पाव्हण्यांनी लगेच गुणाकार केला, बावीस-तेवीस हजार की दाजी, आमच्या शिपायाला एवढा नाही! भाचीला विचारलं तर म्हणाली मामा, त्यांना सांगा त्यात एका खोलीचं महिन्याचं भाडं पण निघत नाही. आणि त्याच मिसिसिपीत ह्याच फंडातले लाखो डॉलर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलच्या मैदानाला गेले, ती केस गाजली. गरीब बाईचे महिने मोजायला कॉम्प्युटर आहे, मैदानाला कुणी मोजलं नाही. आपल्याकडं पण साखर कारखान्यांना सरकार कर्जाची थकहमी देतं, तिला आयुष्यात साठ महिने अशी अट घातल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. असो, जिल्ह्यात राहायचंय मला.

आता आपलं बघू. आपल्याकडं जन्माचे महिने मोजत नाहीत. पण मोजत नाहीत म्हणजे सुखानं मिळतंय असं नाही. संजय गांधी निराधार योजना १९८० ची. विधवा, टाकलेल्या, घटस्फोटित बायका, मोठं आजारपण असलेले, यांना महिन्याला १५००, आणि आमच्याकडं सगळे त्याला "पगार"च म्हणतात, पगार जमा झाला का बघा ओ भाऊ म्हणून पासबुक पुढं करतात. त्याला उत्पन्नाची अट काय, तर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाहीतर वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. वर्षाचं! महिन्याला १७५० झाले. चारशेच्या हजेरीनं महिन्यात पाच दिवस जरी बाई रानात गेली तरी ती अटीच्या बाहेर. मग सगळा गाव मिळून एक नाटक करतो, बाई सांगते वीस हजार, तलाठी लिहितो वीस हजार, तहसीलला सगळ्यांना माहीत असतं की वीस हजारात कोण जगत नाही, आणि सगळे गप्प. हा आकडा कित्येक वर्षं कुणी हलवलेला नाही. म्हणजे तिकडं महिन्यांची हद्द आणि इकडं अशी हद्द की प्रामाणिक बाई पहिल्याच दिवशी बाद.

आणि वर्षाला एकदा हयातीचा दाखला. जिवंत आहे हे सिद्ध करायचं. दुकानात एक आजी येतात, वय सत्तरीच्या पुढं, त्यांना श्रावणबाळचे पैसे आहेत. आयुष्यभर भांडी घासून आणि शेणी थापून अंगठ्यावरच्या रेषा गेल्यात, मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसला, परत ठेवला, लाल. थोडं खोबरेल लावलं, लाल. दुसरं बोट, लाल. मागं लाईन वाढत चालली आणि आजी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मी मेल्ये असं म्हणतंय व्हय रं ते?" शेवटी डोळ्याच्या मशीनवर झालं. पण सगळ्याच दुकानांत ते मशीन नसतं, आणि ज्या आजींचं होत नाही त्यांचा पगार नुसता थांबतो, कुठलीही मुदत संपलेली नसताना. चिठ्ठी नाही, फोन नाही. दोन-तीन महिन्यांनी पासबुक भरताना कळतं.

लाडक्या बहिणीचं पण तेच. जून २०२४ ला जीआर आला, वय २१ ते ६५, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, महिन्याला १५००. मग सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसी आली, त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि त्याच्यावर ओटीपी. नवरा वारलेला, वडील वारलेले, किंवा नवरा सोडून गेला आणि त्याचा नंबर कुणाकडं नाही, त्या बाईनं कुणाचा ओटीपी आणायचा? त्या दिवसांत दुकानात मी दुसरं काम केलंच नाही. खरी अपात्र होती ती गळाली असतील, मला त्याचं काय वाईट वाटत नाही, चारचाकीतनं उतरून फॉर्म भरायला आलेल्या पण मी बघितल्यात. पण गाळणी अशी होती की तिच्यात नवरा नसलेली बाई आधी अडकली.

एकदाच मिळणाऱ्या गोष्टी आपल्याकडं पण आहेत. घरचा कमावता माणूस गेला तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला केंद्राच्या योजनेतनं २० हजार, एकदाच. मातृवंदनाचे पैसे पहिल्या खेपेला, आणि दुसरी मुलगी झाली तर. पण हे एका प्रसंगाचे पैसे आहेत, प्रसंग संपला की विषय संपला. गरिबी हा प्रसंग नाही. ती पोरं मोठी होईस्तोवर चालते, मधेच कमी होते, आजारपण आलं की परत वाढते. म्हणून मी भाचीला म्हटलं, मोजायचंच असेल तर धाकट्या पोराचं वय मोजा की, आईचे महिने कशाला मोजता? ती म्हणाली मामा, ह्या असल्या गोष्टी तू इकडं येऊन सिनेटमध्ये सांग. पासपोर्ट पण नाही माझ्याकडं.

पोराच्या वयावर चालणारी एक योजना आपल्याकडं आहे आणि ती लोकांना माहीतच नाही, म्हणून शेवटी तेवढं लिहितो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील वारलेत, आईबाप वेगळे झालेत, आईबापाला मोठं आजारपण आहे, कोण तुरुंगात आहे, अशा घरातल्या पोराला अठरा वर्षं पूर्ण होईस्तोवर महिन्याला २२५० रुपये. प्रत्येक पोराचा अर्ज वेगळा. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जातो आणि बाल कल्याण समितीपुढं पोराला घेऊन जावं लागतं, त्या दिवशी शाळेला दांडी पडते, बाईंना आधी सांगून ठेवा. पोराचं आणि पालकाचं आधार, मृत्यूचा दाखला, तलाठ्याचा नाहीतर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुकाची झेरॉक्स, रेशनकार्ड, आणि घरापुढं पालकाबरोबर काढलेला पोराचा फोटो लागतो, हा फोटो सगळे विसरतात आणि त्याच्यासाठी परत खेप पडते. पैसे रेंगाळतात, चार-पाच महिन्यांचे एकदम येतात, त्यामुळं त्याच्या भरवशावर कुठला हप्ता काढू नका. ओळखीत अशी कोण बाई असेल तर तिला सांगा. कोल्हापुरात असेल तर माझ्याकडं पाठवा, फॉर्मचे पैसे घेणार नाही, झेरॉक्सचे घेईन. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.